'एरर ०१'ची पार्श्वभूमी: कॅमेरा आणि लेन्समधला संवाद कुठे तुटतो

कॅननच्या डिजिटल एसएलआरवर 'एरर ०१' झळकला की त्याखाली सूचना येते: कॅमेरा आणि लेन्समधला संवाद सदोष आहे, लेन्सचे कॉन्टॅक्ट (कॅमेऱ्याला टेकणारे धातूचे ठिपके) पुसा. बहुतेक जण पुसतात. कधी काम होतं, कधी होत नाही. मग लेन्स गेली असं धरून ती कपाटात जाते. सूचना खोटी नाही, पण अपुरी आहे. या सगळ्या साखळीत वापरणाऱ्याचं बोट पोचतं ते फक्त कॉन्टॅक्टपर्यंत, म्हणून नाव त्यांचंच. दोष नेमका कुठे असू शकतो हे कळायला, कॅमेऱ्याने लेन्सकडे कोणकोणती कामं कधी सोपवली ते पाहावं लागतं.

एकेकाळी कॅमेऱ्यातल्या लाइट मीटरला (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला) लेन्सकडून दोनच गोष्टी कळायला हव्या असत: तिचं सर्वांत मोठं ॲपर्चर (पात्यांनी लहानमोठं होणारं, उजेड आत सोडणारं छिद्र) किती आणि सध्या लावलेलं कोणतं. १९५९ साली आलेल्या निकॉन एफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती जोडणी) जुन्या लेन्सांवर ॲपर्चर रिंगला धातूचा दोन कानांसारखा काटा असे. तो मीटरच्या खुंटीत अडकवायचा, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या बॉडींवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांवर) लेन्स चढवली की रिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. हे राहून गेलं तर मीटर चुकीचं माप देई, आणि ते कळे थेट रोल धुऊन आल्यावर. १९७७ मध्ये निकॉनने 'एआय' (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग) पद्धत आणली आणि ही फिरवाफिरव संपली. त्या काळच्या बॉडी आजही हाताळल्या जातात आणि ही अडचण आजही येते. तिथे पुसण्यासारखं काहीच नसतं, काटा नीट बसलाय का एवढंच पाहायचं.

ॲपर्चरची माहिती विजेच्या वाटेने पाठवण्याचा मान पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनकडे जातो. तिथल्या पेंटाकॉनच्या कारखान्यातून १९६९ मध्ये प्राक्टिका एलएलसी आला. त्याच्या खास लेन्सांच्या मागे तीन कॉन्टॅक्ट होते आणि आत बदलता रोध. रिंग फिरवली की रोध बदले, त्यावरून मीटरला ॲपर्चर समजे. सोय मोठी होती, पण तिच्यासोबत आजचं दुखणंही आलं: कॉन्टॅक्टवर मळ साचला की मीटरचं माप बिघडणार.

पुढचं पाऊल ऑटोफोकसचं. १९८१ च्या पेंटॅक्स एमई-एफच्या झूम लेन्समध्ये मोटर होती आणि तिच्या बॅटऱ्याही लेन्समध्येच, त्यामुळे ती चांगलीच अवजड झाली. १९८५ मध्ये मिनोल्टाने अल्फा ७००० मध्ये उलटी वाट धरली. मोटर बॉडीत ठेवली, तिचं फिरणं माउंटमधल्या छोट्या स्क्रूने लेन्सपर्यंत नेलं आणि लेन्समध्ये बसवली एक रॉम चिप. फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ आणते ते सांगणारा आकडा), मोठ्यात मोठं ॲपर्चर वगैरे माहिती कॅमेरा त्या चिपमधून वाचून घेई. आता लेन्सला स्वतःची ओळख सांगता येऊ लागली, पण आज्ञा पाळण्याचं काम अजून यांत्रिकच होतं.

खरी उलथापालथ १९८७ ची. ईओएस ६५० सोबत कॅननने ईएफ माउंट आणला आणि जुना एफडी माउंट बाजूला टाकला. एफडी लेन्सांवर पैसे ओतलेल्या व्यावसायिकांचा संताप अगदी रास्त होता. तरीही तांत्रिकदृष्ट्या तो निर्णय धाडसी आणि बरोबर होता, असं मला ठामपणे वाटतं. नव्या माउंटमध्ये बॉडीकडून लेन्सकडे जाणारा एकही यांत्रिक दांडा राहिला नाही. फोकसची मोटर लेन्समध्ये गेली, ॲपर्चरच्या पात्या हलवणारी मोटरही लेन्समध्ये गेली. कॅमेरा आज्ञा पाठवतो, लेन्समधला प्रोसेसर उत्तर देतो. मोटरसाठी लागणारी वीज आणि माहितीचे संकेत वेगवेगळ्या कॉन्टॅक्टवरून जातात. म्हणूनच स्क्रीनवर ॲपर्चरचा आकडा नीट दिसतो आणि फोकस मात्र हलत नाही, असं होऊ शकतं.

इथेच 'एरर ०१'ची मेख आहे. पात्या फोटो घेण्याच्या क्षणापर्यंत पूर्ण उघड्या असतात. शटरचं बटण दाबल्यावरच त्यांना मिटण्याची आज्ञा जाते. त्यामुळे सर्वांत मोठ्या ॲपर्चरवर फोटो बिनचूक निघत असेल आणि एफ/८ ला, म्हणजे ॲपर्चर बरंच मिटवल्यावर, एरर येत असेल, तर कॉन्टॅक्टवर संशय कमी घ्यावा. संवाद चालू आहे, पात्या हलत नाहीत. झूम लेन्समध्ये पात्यांच्या मोटरकडे जाणारी फ्लेक्स केबल (पातळ, लवचीक पट्टीसारखी वायर) प्रत्येक झूमसोबत वाकते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने तिला चीर जाते. अमुक फोकल लेंग्थलाच एरर येत असेल तर ही शंका पक्की होते. कितीही पुसलं तरी ती चीर सांधणार नाही; केबल बदलावी लागते.

निकॉनने १९५९ चा माउंट सोडला नाही आणि पात्या हलवणारा दांडा पुढची कित्येक वर्षं तसाच ठेवला. त्यामुळे तिथली लक्षणं वेगळी. पात्यांवर तेल चढून त्या आळसावल्या तर एरर येत नाही, फोटो निमूटपणे जास्त उजळ येतात. उलट ॲपर्चर रिंग असलेल्या चिपवाल्या लेन्सची रिंग सर्वांत लहान ॲपर्चरवर लॉक केलेली नसली की अनेक बॉडी 'एफईई' दाखवतात. तो बिघाड नसतोच. रिंग फिरवून लॉक करायची, झालं.

एक कारण मात्र कुठल्याही मेकॅनिकच्या हाती नसतं. कॅननने ईएफची संवादपद्धत इतरांना खुली केली नाही, म्हणून सिग्मासारख्या कंपन्यांनी ती निरीक्षणाने उलगडली. नव्वदच्या दशकातल्या सिग्माच्या कित्येक लेन्स फिल्म बॉडींवर नीट चालल्या, पण डिजिटल ईओएसवर चढवून ॲपर्चर मिटवलं की एरर. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो ठीक. म्हणजे लक्षण हुबेहूब तुटलेल्या केबलचं, आणि लेन्स मात्र धडधाकट! काही काळ सिग्माने चिप बदलून दिल्या, पुढे त्या चिपच मिळेनाशा झाल्या. जुनी लेन्स विकत घेण्याआधी आपल्याच बॉडीवर एफ/८ ला फोटो काढून पाहायला हवा, तो यासाठी. उत्तम काच केवळ बंद दाराआडच्या नियमांमुळे निकामी व्हावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर उपाय म्हणून लेन्सचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलता येण्याची सोय आली. सिग्माचा लेन्स संगणकाला जोडणारा यूएसबी डॉक २०१२ मध्ये जाहीर झाला. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत) तर अनेक लेन्स कॅमेऱ्यावरूनच अपडेट होतात. सोनीने २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना मोफत द्यायला सुरुवात केली. कॅननने २०१८ च्या आरएफ माउंटचं दार बराच काळ घट्ट ठेवलं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनच्या परवानाधारक लेन्स जाहीर झाल्या, त्याही एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरसाठी.

राहता राहिली पुसण्याची गोष्ट. कॉन्टॅक्टवर सोन्याचा मुलामा असतो. तो गंजत नाही, पण त्यावर बोटांचा घाम आणि धूळ यांचा थर बसतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या दमट, खाऱ्या हवेत तो लवकर बसतो. कॅमेरा बंद करून, लेन्स उतरवून, तंतू न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन हळुवार पुसावं. खोडरबर नको; त्याने मुलामा झिजतो आणि भुगा माउंटमध्ये पडतो. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगच्या असतात, एखादी आत दबून अडकली नाही ना तेही पाहावं. ॲडॉप्टर (एका माउंटची लेन्स दुसऱ्यावर बसवणारी कडी) असेल तर कॉन्टॅक्टचे जोड दोन होतात, तेव्हा शक्य असल्यास आधी थेट बसणारी लेन्स लावून पाहावी. मग एरर देणारी लेन्स दुसऱ्या बॉडीवर आणि आपल्या बॉडीवर दुसरी लेन्स, एवढ्या अदलाबदलीत दोष कोणत्या बाजूचा ते बहुतेक वेळा कळतं. सर्व्हिस सेंटरला लेन्स देताना कोणत्या ॲपर्चरला आणि कोणत्या फोकल लेंग्थला एरर येतो, ते चिठ्ठीवर लिहून द्यावं.