मतपेटीकडून गुणतक्त्याकडे: ९ मे १९८७ ची पार्श्वभूमी

इंग्लिश फुटबॉलमध्ये बढती आणि घसरण (वरचे क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये, तळाचे खालच्या) शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. वरच्या डिव्हिजनांमध्ये ती पद्धत खरोखरच जुनी आहे. पण फुटबॉल लीगच्या अगदी तळाशी, जिथून खाली पडलं की क्लब लीगबाहेरच जातो, तिथलं दार १९८७ पर्यंत बंद होतं. बंद म्हणजे कुलूप नव्हतं, पण किल्ली आत असलेल्यांच्याच हातात होती. ९ मे १९८७ च्या शनिवारी ती त्यांच्या हातून गेली आणि त्याच दुपारी एका पोलिसी कुत्र्यानं एका बचावपटूला चावा घेतला. गोष्ट कुत्र्याची सांगितली जाते. तिच्यामागचा इतिहास क्वचितच कुणी सांगतं, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो.

फुटबॉल लीग १८८८ साली बारा क्लबांनी सुरू केली. १८९२ मध्ये दुसरी डिव्हिजन आली. वरच्या डिव्हिजनमधले तळाचे आणि खालच्या डिव्हिजनमधले अव्वल संघ यांच्यात ‘टेस्ट मॅच’ होत आणि वर कोण खेळणार हे त्यावर ठरे. १८९८ साली स्टोक आणि बर्नली यांच्यात शेवटची टेस्ट मॅच झाली. दोघांनाही बरोबरी पुरेशी होती. सामना ०-० सुटला आणि गोल करायचा प्रयत्न कुणी केलाच नाही, हे मैदानावरच्या प्रत्येकाला दिसलं. बोंबाबोंब झाली, टेस्ट मॅच रद्द झाल्या आणि पुढच्या हंगामापासून दोन वर, दोन खाली असा साधा नियम आला. बर्नलीचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९२० मध्ये तिसरी डिव्हिजन आली, वर्षभरात तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. १९५८ मध्ये त्यांची फेरमांडणी होऊन देशभरासाठी एकच तिसरी आणि तिच्याखाली चौथी डिव्हिजन तयार झाली. वरपासून इथपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. चौथ्या डिव्हिजनच्या खाली मात्र पायरीच नव्हती, तिथे निवडणूक होती.

ती अशी चाले. हंगाम संपला की तळाच्या चार क्लबांनी लीगच्या वार्षिक सभेपुढे फेरनिवडीसाठी अर्ज करायचा. लीगबाहेरचे इच्छुक क्लबही अर्ज करत. मग मतदान. मतं मुख्यतः वरच्या दोन डिव्हिजनच्या क्लबांची, कारण खालच्या दोन डिव्हिजनांचं सदस्यत्व दुय्यम होतं आणि सगळ्यांच्या मिळून जेमतेम चार मतं. म्हणजे रॉकडेलसारख्या तळाच्या क्लबनं लीगमध्ये राहावं की नाही, हे त्याच्याशी कधी न खेळणाऱ्या क्लबांचे चेअरमन ठरवणार. या चेअरमन मंडळींचे एकमेकांशी वर्षानुवर्षांचे संबंध असत. आज तू माझ्यासाठी हात वर कर, उद्या मी तुझ्यासाठी करीन. हार्टलपूलनं एकूण चौदा वेळा फेरनिवडीचा अर्ज केला आणि चौदाही वेळा ते निवडून आले. १९५९ ते १९८६ या अठ्ठावीस उन्हाळ्यांत मतदानानं बाहेर गेलेले क्लब फक्त पाच: गेट्सहेड, ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू, बॅरो, वर्किंग्टन आणि साउथपोर्ट.

या यादीतल्या बॅरोची हकीगत मला सगळ्यात जास्त लागते. १९७२ मध्ये बॅरो तळाला नव्हते. त्यांच्याखाली स्टॉकपोर्ट आणि क्रू असे दोन क्लब होते. तरी गेले बॅरो. इंग्लंडच्या वायव्येला, समुद्रात घुसलेल्या टोकावरचं ते जहाजबांधणीचं गाव. तिथे जायचं म्हणजे लांबचा प्रवास, आणि तो कुणालाच नको होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत लीगबाहेरच्या हेरफर्डनं एफए कप या देशव्यापी बाद फेरीच्या स्पर्धेत पहिल्या डिव्हिजनच्या न्यूकॅसलला २-१ नं हरवलं होतं. देशभर त्यांचं नाव झालं होतं, जागा त्यांना मिळाली. हेरफर्ड लायक नव्हते असं नाही. पण बॅरोनं खेळून मिळवलेला क्रमांक मोजलाच गेला नाही, हे खरंच आहे. त्यांना लीगमध्ये परतायला २०२० साल उजाडलं.

१९७८ मध्ये साउथपोर्ट आणि विगन अ‍ॅथलेटिक यांना पहिल्या फेरीत प्रत्येकी २६ मतं पडली. फेरमतदानात विगन २९-२० नं जिंकले. मतदानानं बाहेर पडलेला साउथपोर्ट हा शेवटचा क्लब. त्याच्या आदल्या वर्षी विम्बल्डन आत आले होते. नऊ वर्षांत ते चौथ्या डिव्हिजनमधून पहिलीत पोहोचले आणि १९८८ मध्ये त्यांनी एफए कप जिंकला. दाराबाहेर किती ताकद ताटकळत उभी होती, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

लीगबाहेरच्या क्लबांची एक अडचण त्यांचीच होती. दरवर्षी कितीतरी क्लब अर्ज करत आणि विरोधातली मतं त्यांच्यात फुटत. म्हणून १९७९ मध्ये सदर्न लीग आणि नॉर्दर्न प्रीमियर लीगमधल्या आघाडीच्या क्लबांनी एकत्र येऊन अलायन्स प्रीमियर लीग काढली. हीच पुढची कॉन्फरन्स आणि आजची नॅशनल लीग. आता उमेदवार एकच देता येणार होता. पहिल्या हंगामाचे विजेते ऑल्ट्रिंगहॅम. १९८० च्या सभेत ते रॉकडेलकडून एका मतानं हरले, २५ विरुद्ध २६. पुढच्या हंगामात ते पुन्हा विजेते ठरले, पुन्हा दार उघडलं नाही. ऑल्ट्रिंगहॅम आजवर फुटबॉल लीगमध्ये खेळलेले नाहीत.

मग १९८६ मध्ये असं काय बदललं? न्यायबुद्धी अचानक जागी झाली असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मूळ कारण पैसा होतं. १९८५ हे इंग्लिश फुटबॉलचं काळं वर्ष. मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या मैदानावर आग लागून ५६ जण गेले आणि अठरा दिवसांत ब्रुसेल्समधल्या हेझेल स्टेडियमवर प्रेक्षकांचा बळी घेणारी दुर्घटना घडली. प्रेक्षक रोडावले, टीव्हीशी करार न झाल्यामुळे पुढच्या हंगामाचा पहिला अर्धा भाग पडद्यावर फुटबॉलच नव्हतं. मोठे क्लब वेगळी लीग काढायच्या गोष्टी करू लागले. डिसेंबर १९८५ मध्ये हीथ्रोजवळ बैठक झाली आणि तडजोडीचा मसुदा तयार झाला. वरच्या क्लबांना उत्पन्नाचा आणि मतांचा मोठा वाटा, पहिली डिव्हिजन हळूहळू २२ वरून २० क्लबांवर, आणि ती घट जमवण्यासाठी प्ले-ऑफ, म्हणजे बढतीची जागा ठरवणारे हंगामानंतरचे बाद सामने. याच बदलांच्या रेट्यात फेरनिवड बंद झाली आणि १९८६-८७ पासून चौथ्या डिव्हिजनचा तळाचा क्लब खाली, कॉन्फरन्सचा विजेता वर, असं ठरलं. मैदान लीगच्या अटींत बसलं पाहिजे, एवढीच काय ती अट.

टॉर्की युनायटेडचं नशीब बघा. १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षं ते अख्ख्या लीगमध्ये शेवटचे होते आणि दोन्ही वेळा मतांवर तरले. आता मतं नव्हती.

त्या हंगामातली चौथी डिव्हिजन म्हणजे पडलेल्या घराण्यांची वसाहतच होती. वुल्व्ह्ज तिथे होते, प्रेस्टन तिथे होते आणि बर्नलीही. बर्नली म्हणजे १८८८ च्या बारा संस्थापकांपैकी एक, दोनदा देशाचे विजेते. त्यातलं दुसरं विजेतेपद १९६० चं, सुमारे ८० हजार वस्तीच्या एका गिरणगावानं मिळवलेलं. १९८६-८७ मध्ये या क्लबची अवस्था बघवत नव्हती. एफए कपमध्ये लीगबाहेरच्या टेलफर्डनं त्यांना ३-० नं घालवलं, जानेवारीत हेरफर्डनं त्यांच्याच मैदानावर सहा गोल चढवले. शेवटच्या शनिवारची सकाळ उजाडली तेव्हा बर्नली ४६ गुणांवर सगळ्यांत खाली, टॉर्की ४७ वर, लिंकन सिटी ४८ वर.

लिंकनकडे कुणाचं लक्षच नव्हतं. हंगामाच्या मध्याला ते गुणतक्त्याच्या वरच्या अर्ध्यात होते. नंतर पराभव साचत गेले, मार्चमध्ये मॅनेजर बदलला, तरी अख्ख्या हंगामात ते एकदाही तळाला गेले नव्हते. हा तोच क्लब, जो ब्रॅडफर्डच्या आगीच्या दिवशी पाहुणा संघ म्हणून मैदानावर होता आणि ज्याचे दोन समर्थक त्या आगीत गेले होते. त्यानंतरच्या वर्षी ते तिसऱ्या डिव्हिजनमधून घसरले. आता स्वान्सीत एक गुण मिळाला असता तरी भागलं असतं.

बर्नलीच्या टर्फ मूरवर गर्दी इतकी लोटली की सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू करावा लागला. एरवी दोन-तीन हजार लोक येत, त्या दिवशी पंधरा हजारांवर. त्यातले बरेचसे निरोप द्यायला आले होते. समोर ओरिएंट, त्यांनाही प्ले-ऑफसाठी विजय हवा होता. नील ग्रूकॉकनं पहिला गोल केला, इयन ब्रिटननं हेडरनं दुसरा. ओरिएंटनं एक फेडला आणि उरलेला वेळ बर्नलीनं अक्षरशः जीव मुठीत धरून काढला. २-१. बर्नली ४९.

लिंकन स्वान्सीत ०-२ नं हरले. आता सगळं टॉर्कीच्या प्लेनमूर मैदानावर येऊन थांबलं.

तिथे मध्यंतराला क्रू अलेक्झांड्रा २-० नं पुढे होते. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच टॉर्कीचा बचावपटू जिम मॅकनिकल यानं फ्री किकवर एक गोल फेडला. पण बरोबरी काही होईना आणि घड्याळ पळत राहिलं. सामना संपताच लोक मैदानात घुसतील या धास्तीनं पोलिस कुत्र्यांसह सीमारेषेलगत उभे होते. शेवटची काही मिनिटं उरली असताना मॅकनिकल चेंडूमागे त्या बाजूला धावला. ब्रिन नावाच्या अल्सेशियनला वाटलं, हा आपल्या मालकाच्या अंगावर येतोय. त्यानं झेप घेतली आणि मॅकनिकलच्या मांडीचा लचका तोडला. खेळ थांबला, मलमपट्टी झाली, बदली खेळाडू शिल्लक नव्हते म्हणून तो तशाच पायानं पुन्हा उभा राहिला. रेफरीनं थांबलेला वेळ जोडला. त्या जोडलेल्या वेळात क्रूच्या बचावफळीकडून एक ढिला पास गेला, पॉल डॉब्सननं तो हेरला आणि चेंडू जाळ्यात मारला. २-२.

टॉर्की ४८, लिंकनही ४८. गोलफरक (केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करून उरतो तो) टॉर्कीचा वजा १६, लिंकनचा वजा २०. डॉब्सनचा गोल नसता तर टॉर्की गेले असते. गेले ते लिंकन, गुणांवर आपोआप लीगबाहेर जाणारा पहिला क्लब. मॅकनिकलच्या जखमेला टाके पडले, कुत्र्याला टॉर्कीच्या चेअरमननी मांसाचा तुकडा भेट दिला आणि ती गोष्ट अजरामर झाली. पण त्या दुपारी कुत्रा मध्ये आला नसता तरी कुणीतरी जाणारच होतं आणि ते मैदानावर ठरणार होतं. बॅरोला आणि साउथपोर्टला हे मिळालं नव्हतं.

वर आले स्कारबरो, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या गावातला क्लब. मॅनेजर होते नील वॉर्नॉक, शिक्षणानं पायांच्या विकारांवर उपचार करणारे. लीगमधला त्यांचा पहिलाच सामना घरच्या मैदानावर वुल्व्ह्जशी झाला, २-२ बरोबरीत सुटला आणि स्टँडमधल्या दंगलीनं गाजला.

पुढे काय झालं ते या पद्धतीच्या बाजूनंही बोलतं आणि विरुद्धही. लिंकन एका वर्षात कॉन्फरन्स जिंकून परत आले. टॉर्की पुढच्याच हंगामात बढतीच्या प्ले-ऑफच्या अंतिम फेरीत होते. बर्नली १९८८ मध्ये वुल्व्ह्जविरुद्ध शेर्पा व्हॅन ट्रॉफी या खालच्या दोन डिव्हिजनांच्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळायला वेम्बलीवर उतरले, चौथ्या डिव्हिजनचे दोन संघ आणि ८० हजारांवर प्रेक्षक. उलट न्यूपोर्ट काउंटी १९८८ मध्ये खाली गेले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये कर्जात बंदच पडले. सात वर्षांपूर्वी हा क्लब कप विनर्स कप या युरोपीय स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी खेळला होता. त्याचा नव्यानं उभा राहिलेला वारस २०१३ मध्ये लीगमध्ये आला.

दारही पूर्ण उघडं नव्हतं. किडरमिन्स्टर १९९४ मध्ये, मॅकल्सफील्ड १९९५ मध्ये आणि स्टीव्हनेज १९९६ मध्ये कॉन्फरन्स जिंकूनही मैदानाच्या अटींवर अडले. त्या तीनही वर्षी लीगच्या तळाच्या क्लबला जीवदान मिळालं. माझ्या मते हा जुन्या मतपेटीचाच मागच्या दारानं झालेला प्रवेश होता.

स्कारबरोचा शेवट क्रूर झाला. ८ मे १९९९ रोजी त्यांचा सामना १-१ असा संपला, प्रेक्षक वाचल्याचा आनंद साजरा करत होते. कार्लाइलमध्ये अजून जोडलेला वेळ चालू होता. तिथे उसन्यावर आलेला गोलकीपर जिमी ग्लास कॉर्नरसाठी समोरच्या गोलपाशी गेला आणि त्यानंच गोल केला. कार्लाइल वाचले, स्कारबरो खाली. २००७ मध्ये तो क्लब बंद झाला.

२००३ पासून दोन क्लब खाली आणि दोन वर, त्यातला दुसरा प्ले-ऑफमधून. १९६२ मध्ये दिवाळखोरीत लीग सोडलेल्या अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनलीच्या नावाचा नवा क्लब २००६ मध्ये कॉन्फरन्स जिंकून आला. लिंकन २०११ मध्ये पुन्हा घसरले आणि २०१७ मध्ये परतले. त्या हंगामात लीगबाहेरचा क्लब म्हणून त्यांनी एफए कपमध्ये प्रीमियर लीगच्या एका संघाला त्याच्याच मैदानावर १-० नं हरवलं. तो संघ बर्नली होता.

२०२५ मध्ये नॅशनल लीगच्या ७२ क्लबांनी दोनऐवजी तीन जागांची मागणी एकमुखानं पुढे आणली. इतर प्रत्येक पायरीवर किमान तीन क्लब वर-खाली होतात, मग इथेच दोन का, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. ती मागणी मान्य व्हायला मत हवं ते आधीच आत असलेल्या क्लबांचं.