गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीत नाव देताय? सुईच्या आधीचे कागद

चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, हे प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण गोळी उद्यापासून बंद करता येते, टोचलेलं इंजेक्शन काढून घेता येत नाही. डीएमपीए या गर्भनिरोधक इंजेक्शनचा १५० मिलिग्रॅमचा एक डोस तीन महिने काम करतो, नेट-एन या दुसऱ्या इंजेक्शनचा २०० मिलिग्रॅमचा दोन महिने. म्हणून जी चौकशी करायची ती सुईच्या आधी.

आधी एक खात्री करा. सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने मोफत मिळणारं इंजेक्शन म्हणजे डीएमपीए. त्याला भारतात १९९३ मध्येच मंजुरी मिळाली आहे आणि ते घ्यायला कुठल्याही चाचणीत जावं लागत नाही. चाचणी असेल तर तिला सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक असतो. तो मागून घ्या आणि सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. चाचणी पुण्यातल्या कुठल्या केंद्रात आहे आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित पाहणाऱ्या समितीची, परवानगी मिळाली का, हे तिथे दिसतं.

पात्रतेचे निकष चाचणीगणिक बदलतात. वय साधारणपणे १८ च्या पुढे लागतं आणि गर्भ नाही याची खात्री केली जाते. स्तनाचा कॅन्सर, कारण न कळलेला रक्तस्राव, १६०/१०० किंवा त्याहून जास्त रक्तदाब, अंगावर पाजणारं सहा आठवड्यांच्या आतलं बाळ, यांपैकी काहीही असेल तर ते न विचारताही सांगा. लवकरच मूल हवं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नाव देऊ नका. डीएमपीएच्या शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला सरासरी ७ ते १० महिने लागतात. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं हेही यात नेहमीचंच.

सोबत आधार कार्ड, जुन्या तपासण्यांचे आणि बाळंतपणाचे कागद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या ठेवा. प्रवासखर्च खात्यात जमा होणार असेल तर पासबुकाची झेरॉक्सही.

आता संमतीपत्र. हडपसरच्या एका ताईंबरोबर बसून मी ते ओळ न् ओळ वाचलं होतं. नाव, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न इथपर्यंत त्या भराभर सांगत होत्या. पुढे ‘वारसदाराचं नाव व नातं’ आलं आणि त्या थबकल्या. “हे कशाला?” चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, त्यासाठी. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार हा रकाना असतोच. त्यांना तो आधी कुणी समजावला नव्हता. त्यांनी कागद घरी नेला आणि चार दिवसांनी आपला निर्णय कळवला. तुम्हीही तेवढा वेळ मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेतच हवा. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर लागतो, नुसता अंगठा घेऊन भागत नाही. संमती तुमची, तिच्याऐवजी नवऱ्याची सही चालत नाही. चाचणीसाठीची रक्त-लघवीची तपासणीसुद्धा सहीनंतरच. भरलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.

हे सगळे नियम फुकट मिळालेले नाहीत. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एनच्या चाचणीसाठी बायका जमवल्या होत्या, पण औषध प्रयोगातलं आहे हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं. १९८६ मध्ये महिला संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

इंजेक्शननंतर अंगावरून फार जाऊ लागलं, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर लगेच कळवा. गंभीर त्रासाची माहिती चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांनी २४ तासांत वर कळवायची असते. चाचणीमुळे झालेल्या इजेचा उपचार मोफत असतो, भरपाईही असते. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. माहितीपत्रकावरचा डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह करा, घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्येही.