रक्तवाहिनीचा अंतःस्तर : उच्च रक्तदाब व मधुमेहातील बिघाड

रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूचा, जेमतेम एका पेशीच्या जाडीचा थर म्हणजे अंतःस्तर. वाहिनी किती रुंदावायची, किती आकसायची हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. उच्च रक्तदाब व मधुमेहात त्याचे काम बिघडते, तेही रुग्णाला काहीच जाणवत नसताना.

पूर्वी या थराला बहुतेक जण निव्वळ अस्तर समजत. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट व जॉन झवाड्झकी यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांना अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन दिले. आतला थर शाबूत असलेले तुकडे सैलावले. तयार करताना तो घासून निघालेले सैलावले नाहीत. थरातून वाहिनीच्या भिंतीतील स्नायूकडे जाणारा सैलावण्याचा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साईड वायू, हे पुढे सिद्ध झाले. त्यासाठी १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद मुराद यांना मिळाले. हा वायू काही सेकंदच टिकतो, म्हणून पेशींना तो सतत बनवत राहावे लागते.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील एक प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. हाताच्या धमनीत अ‍ॅसिटिलकोलिन सोडल्यावर त्यांचा रक्तप्रवाह निरोगी माणसांइतका वाढला नाही. थेट स्नायूवर काम करणारे नायट्रोप्रुसाइड हे औषध दिल्यावर मात्र दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे स्नायू ठीक होता, निरोपच पोहोचत नव्हता. आधी दाब वाढतो की आधी अंतःस्तर बिघडतो, याचे एकच उत्तर नाही. दोन्ही एकमेकांना वाढवत नेतात.

मधुमेहात अडचण आणखी खोल आहे. ग्लुकोज आत घ्यायला या पेशी इन्शुलिनसाठी थांबत नाहीत. रक्तात साखर वाढली की त्यांच्यातही वाढते. त्यातून तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू नायट्रिक ऑक्साईडला कामाला लागण्याआधीच संपवतात. बारीक वाहिन्यांची हानी डोळ्याच्या पडद्यावर थेट पाहता येते. थेंब घालून बाहुली मोठी केली की केशवाहिन्यांचे फुगवटे लाल ठिपक्यांसारखे दिसतात. नजर चांगली आहे म्हणून ही तपासणी टाळणे चूकच. मूत्रपिंडातील बिघाड लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून कळतो.

अंतःस्तर तपासताना हाताला पट्टा आवळून पाच मिनिटे रक्त अडवतात. पट्टा सोडताच रक्त जोराने धावते आणि निरोगी धमनी सोनोग्राफीत रुंदावताना दिसते. उच्च रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांत ती कमी रुंदावते. फरक मिलिमीटरच्या अंशांचा असल्याने ही चाचणी मुख्यतः संशोधनातच वापरतात. नियमित चालणे, तंबाखू सोडणे आणि रक्तदाबाची काही औषधे यांनी हे रुंदावणे सुधारलेले आढळते.