ख्रिस्तनिष्ठा आणि आज्ञापालन

येशू ख्रिस्ताशी एकनिष्ठ राहणे म्हणजे देवाच्या आज्ञा पाळत जगणे, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत धारणा. नुसते तोंडाने ‘प्रभू’ म्हटल्याने कोणी शिष्य ठरत नाही, असे येशूनेच डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस बजावले आहे (मत्तय ७:२१). मात्र या धारणेचे सर्वांत स्पष्ट रूप योहानाच्या शुभवर्तमानात सापडते. अटक होण्यापूर्वीच्या शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांना सांगतो, की तुमची माझ्यावर प्रीती असेल तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल (१४:१५). पुढच्याच अध्यायात तो स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना त्याचे फाटे म्हणतो आणि सांगतो, की मी जसा पित्याच्या आज्ञा पाळून त्याच्या प्रीतीत राहिलो, तसे तुम्ही माझ्या आज्ञा पाळून माझ्या प्रीतीत राहाल. म्हणजे आज्ञा पाळून प्रेम कमवायचे नाही, मिळालेल्या प्रेमात टिकून राहायचे आहे. हा फरक बारीक वाटतो, पण या विषयावरचे गेल्या दोन हजार वर्षांतले बहुतेक वाद याच जागी झाले. आज्ञा पाळाव्यात की नाही, यावर सहसा दुमत नव्हते. तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, क्रमात आज्ञापालन आधी येते की नंतर, हा खरा प्रश्न होता.

या क्रमाचे मूळ जुन्या करारात आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होत नाही. तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा तो मीच, असे देव आधी सांगतो आणि ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ हे त्यानंतर येते. सुटका झालेल्या लोकांना दिलेला हा करार आहे. आज्ञा दहाच असल्या, तरी त्यांची मोजणी सर्वत्र सारखी नाही. कॅथलिक आणि ल्यूथरन परंपरा मूर्ती करण्याची बंदी पहिल्याच आज्ञेत धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. ऑर्थोडॉक्स आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतील मंडळ्या (चर्च) मूर्तीबंदी ही वेगळी दुसरी आज्ञा मानतात. साहजिकच ‘सहावी आज्ञा’ म्हटल्यावर एकाच्या मनात व्यभिचार येतो आणि दुसऱ्याच्या मनात खून. यहुदी परंपरेत नियमशास्त्रातील, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतील, सगळ्या आज्ञांची संख्या ६१३ मानली जाते.

अवज्ञा म्हणजे उघड बंडच असते असे नाही, हे शौल राजाच्या कथेत दिसते (१ शमुवेल १५). अमालेकी लोकांचे काहीही शिल्लक ठेवू नको, अशी आज्ञा असता शौल उत्तम मेंढरे आणि गुरे राखून ठेवतो. आपण आज्ञा पाळली असे तो संदेष्टा शमुवेलाला सांगू लागतो, तेव्हा शमुवेल विचारतो, मग मेंढरांचे हे ओरडणे माझ्या कानी येते ते कसले? शौलाचे उत्तर धार्मिकच आहे: देवाला यज्ञ करण्यासाठी ती राखली. यज्ञापेक्षा आज्ञा मानणे बरे, हे प्रसिद्ध वचन त्यावर येते. ते उद्धृत करणारे बहुधा एक गोष्ट सांगायची टाळतात. मुळातली आज्ञा संपूर्ण कत्तलीची होती, आणि त्या आज्ञेचा अर्थ कसा लावावा यावर ख्रिस्ती विचारवंत प्राचीन काळापासून अडखळत आले आहेत.

येशूने नियमशास्त्र रद्द केले नाही. ते पूर्ण करायला आलो, असे तो म्हणतो (मत्तय ५:१७). पूर्ण करणे म्हणजे काय, हे लगेच पुढे दिसते. ‘खून करू नको’ ही आज्ञा तो भावावरच्या रागापर्यंत नेतो, व्यभिचाराची आज्ञा नजरेपर्यंत, आणि खोटी शपथ वाहू नये या नियमाऐवजी शपथच वाहू नका, तुमचे होय ते होय असू द्या, असे सांगतो. दुसरीकडे, सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले असता तो देवावर सर्वस्वी प्रेम (अनुवाद ६:५) आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम (लेवीय १९:१८) अशा दोन आज्ञा एकत्र जोडतो. एका हाताने आज्ञा कठोर करायची आणि दुसऱ्या हाताने सगळ्या दोनांत आणून ठेवायच्या, असा हा प्रकार आहे. श्रीमंत तरुणाच्या प्रसंगात (मार्क १०) दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. लहानपणापासून सर्व आज्ञा पाळल्याचे तो सांगतो; येशू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो आणि सर्व विकून मागे ये म्हणतो; तरुण खिन्न होऊन निघून जातो. आज्ञांची यादी पुरी झाली होती, निष्ठेचा प्रश्न मात्र तिथून पुढे सुरू झाला.

येशूचे स्वतःचे आज्ञापालन हा या शिकवणीचा दुसरा खांब. गेथशेमाने बागेत, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, अशी तो प्रार्थना करतो. वधस्तंभावरच्या मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला, असे फिलिप्पैकरांस पत्र म्हणते (२:८). म्हणून ख्रिस्ती भाषेत आज्ञा पाळणे हे नियम पाळण्यापेक्षा एका व्यक्तीच्या मागे चालण्यासारखे मानले जाते.

येशूनंतरच्या पहिल्याच पिढीत प्रश्न उभा राहिला, की यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी मोशेचे नियम पाळायचे का? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायानुसार यरुशलेमेतील सभेने सुंता आवश्यक मानली नाही. मूर्तींना अर्पिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेल्या प्राण्यांचे मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहावे, एवढे बंधन ठेवले. मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, ही प्रेषित पौलाची भूमिका. तरी तोच पौल रोमकरांस पत्राच्या आरंभी आणि शेवटी ‘विश्वासाच्या आज्ञापालना’विषयी बोलतो. याकोबाचे पत्र उलट बाजूने येते: क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. दोघांत विरोध आहे का, हा नव्या कराराच्या अभ्यासातला जुना तंटा. पौल आत शिरायच्या दाराबद्दल बोलतो आणि याकोब आत राहणाऱ्यांच्या वागण्याबद्दल, असे म्हणून बहुतेकांनी तो मिटवला आहे. हा समझोता सोयीचा आहे, पण दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देऊन वेगवेगळे निष्कर्ष काढतात, हे त्यात थोडे झाकले जाते.

रोमन साम्राज्यात ही निष्ठा सरकारदरबारी तपासली जाऊ लागली. सुमारे ११२ मध्ये बिथिनियाचा प्रशासक प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोकांच्या चौकशीचा वृत्तांत आहे. ते ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमत, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणत आणि शपथ घेत. पण ती गुन्ह्यासाठी नव्हे, तर चोरी, लूट व व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची आणि कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव मागितल्यावर नाकारायची नाही अशी. प्लिनीची कसोटीही नोंदलेली आहे: सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व द्राक्षारस अर्पण करा आणि ख्रिस्ताला शाप द्या, खऱ्या ख्रिस्ती माणसाकडून हे करवून घेता येत नाही, असे त्याच्या कानावर आले होते.

२५० मध्ये सम्राट डेशियसने साम्राज्यातील लोकांनी देवांना यज्ञ करावा असे फर्मान काढले. यज्ञ केल्याचे दाखले मिळत. इजिप्तमध्ये असे पपायरसवरचे दाखले सापडले आहेत. त्यांत अर्जदाराचे नाव, गाव, वय, एखाद्या दाखल्यात भुवईवरचा व्रणही लिहिलेला असतो, आणि मजकूर ठरलेला: मी नेहमीच देवांना यज्ञ करत आलो आहे, आताही तुमच्या समक्ष अर्पण केले आणि नैवेद्य चाखला. अनेक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला. काहींनी यज्ञ न करता लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर या ‘पतितां’ना परत घ्यायचे का, यावर मंडळी फुटायची वेळ आली. रोममधील नोव्हेशियनच्या गटाने त्यांना मंडळीत पुन्हा स्थान नाकारले. कार्थेजचा बिशप सिप्रियनने पश्चात्तापाच्या दीर्घ काळानंतर त्यांना घेण्याचा मार्ग काढला. तो स्वतः २५८ मध्ये हुतात्मा झाला. पतितांच्या बाजूने बोलणाऱ्यांपाशी एक मोठे उदाहरण होते. शिमोन पेत्राने येशूला तीन वेळा नाकारले होते, आणि पुनरुत्थानानंतर येशूने त्याला तीनदा ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ एवढेच विचारून त्याच्यावर मेंढरे सोपवली होती (योहान २१).

आज्ञा पाळण्याची ताकद माणसात मुळातच आहे का, हा पाचव्या शतकातला वाद. देव अशक्य ते सांगणार नाही, म्हणजे माणसाला आज्ञा पाळता आल्याच पाहिजेत, असा धर्मशिक्षक पेलाजियसचा युक्तिवाद होता. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनच्या मते देव जी आज्ञा करतो ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे लागते. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत फेटाळले.

सोळाव्या शतकात क्रमाचा प्रश्न पश्चिमेतील मंडळी दुभंगण्याइतका पेटला. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरवर तो कर्मांचा शत्रू असल्याचा आरोप झाला; पण धर्मशिक्षणासाठी लिहिलेल्या १५२९ च्या त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरीत दहा आज्ञाच सर्वांत आधी येतात, आणि पहिलीनंतरच्या प्रत्येक आज्ञेचे स्पष्टीकरण आपण देवाचे भय धरावे आणि त्याच्यावर प्रीती करावी, या शब्दांनी सुरू होते. विश्वासणाऱ्याला आता नियमशास्त्राचा उपदेश नकोच, असे त्याचा सहकारी योहान्नेस आग्रिकोला म्हणू लागला, तेव्हा ल्यूथरनेच त्याला कडाडून विरोध केला. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये ठरवले, की कृपेत असलेल्या माणसालाही देवाच्या आज्ञा पाळणे अशक्य आहे असे म्हणणारा बहिष्कृत होय. कॅल्व्हिनच्या परंपरेतील १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने दहा आज्ञा मानवाच्या दुःस्थितीच्या भागात न ठेवता कृतज्ञतेच्या भागात ठेवल्या, आणि सर्वांत पवित्र माणसालाही या जन्मी या आज्ञापालनाची केवळ छोटी सुरुवातच करता येते, हेही मोकळेपणाने सांगितले. नीतिमान ठरण्याविषयीच्या मूलभूत मुद्द्यांवर कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांची संयुक्त घोषणा व्हायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडावे लागले.

या मोठ्या पक्षांच्या बाहेर, बाप्तिस्मा प्रौढपणीच घ्यावा असे मानणारे ॲनाबॅप्टिस्ट होते. डोंगरावरील प्रवचन जसेच्या तसे पाळायचे, शपथ वाहायची नाही, तलवार धरायची नाही, असा त्यांचा आग्रह. १५२७ च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबात तो लेखी आहे. नेदरलँड्समधील डर्क विलेम्सची हकिकत या पंथात आजही सांगतात. तुरुंगातून निसटून तो पातळ बर्फावरून पलीकडे गेला. पाठलाग करणारा शिपाई मात्र बर्फ फुटून पाण्यात पडला. विलेम्स परत फिरला आणि त्याने त्याला बाहेर काढले. शिपायाला त्याला सोडून द्यायचे होते, पण काठावरून नगराध्यक्षाने त्याला त्याच्या शपथेची आठवण करून दिली. १६ मे १५६९ रोजी विलेम्सला जाळण्यात आले. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा पाळणारा शपथेविरुद्ध होता, आणि त्याला पकडून दिले ते शपथेनेच.

माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे प्रेषितांचे वाक्य (कृत्ये ५:२९) सत्तेला अडचणीचे ठरते. त्याच नव्या करारातील अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, दासांनो धन्यांची आज्ञा माना, ही वचने मात्र सत्ताधाऱ्यांना आणि अमेरिकेतील गुलामांच्या मालकांना फार आवडत. आज्ञापालनाच्या शिकवणीचा गैरवापर या वाटेने झाला, आणि हे मंडळ्यांनी फारसे आनंदाने मान्य केलेले नाही. नाझी जर्मनीत पास्टर डीट्रिख बोनहोफरने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपे’वर टीका केली: पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा. विश्वास ठेवणाराच आज्ञा पाळतो आणि आज्ञा पाळणाराच विश्वास ठेवतो, ही त्याची मांडणी आधी-नंतरचा प्रश्न बाजूलाच सारते. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी झाली. ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्झ येगरस्टेटरने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला. पत्नी आणि मुलांचा विचार कर, असा सल्ला त्याला धर्मगुरूंकडूनही मिळाला होता. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. चर्चने त्याला धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केले ते २००७ मध्ये.

प्रत्यक्ष आचारात पंथागणिक भर वेगळा आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट शब्बाथाची आज्ञा शब्दशः घेऊन शनिवार पाळतात आणि देवाच्या आज्ञा व येशूवरील विश्वास धरून राहणारे पवित्र जन (प्रकटीकरण १४:१२) हे आपले वर्णन मानतात. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) मंडळीत दर आठवड्याच्या भाकरीच्या प्रार्थनेत आज्ञा पाळण्याची तयारी बोलून दाखवली जाते. कॅथलिक लोक पापनिवेदनापूर्वी दहा आज्ञांच्या आधारे स्वतःचे मन तपासतात. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन सभेने घातला. उपासनेत आज्ञा कुठे म्हणायच्या, यावरूनही एखाद्या परंपरेचा कल कळतो. इंग्लंडच्या चर्चच्या १५५२ च्या प्रार्थनापुस्तकात त्या प्रभुभोजनाच्या विधीच्या आरंभी, पापकबुलीच्या आधी आहेत, आणि प्रत्येक आज्ञेनंतर लोक दयेची व ती पाळण्याचे मन मिळावे अशी याचना करतात. कॅल्व्हिनने १५३८ ते १५४१ या काळात स्ट्रासबुर्गमध्ये चालवलेल्या उपासनेत आधी पापांची कबुली आणि क्षमेची घोषणा होई, आणि दहा आज्ञा त्यानंतर गायल्या जात.