कुळथाचा अर्क आणि ए रक्तगट

रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये 'अँटी-ए१ लेक्टिन' अशी चिठ्ठी लावलेली छोटी बाटली असते. लेक्टिन म्हणजे तांबड्या पेशींना एकमेकींशी चिकटवणारं प्रथिन. आत बहुधा कुळथाचा अर्क असतो. तोच कुळीथ, ज्याची कोकणात पिठी होते आणि ज्याला घाटावर हुलगा म्हणतात. ए गटाचं रक्त ए१ या पोटगटाचं आहे की नाही, हे त्याच्या एका थेंबावरून कळतं. कुळथाला हे काम मिळालं पुण्यात. त्याआधीची साठ वर्षं मात्र विषांच्या अभ्यासात गेली.

१८८८ साली दोरपत विद्यापीठात (आजचं एस्टोनियातलं तार्तू) पीटर हर्मान स्टिलमार्क डॉक्टरेटसाठी एरंडीच्या बियांतलं विष तपासत होता. अर्क रक्तात घातला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, हे त्याला दिसलं. विष आणि चिकटवणारं प्रथिन ही एकाच घरातली, पण वेगवेगळी आहेत हे बऱ्याच नंतर कळलं. गुंजेच्या बीतही असाच गुण सापडला. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिक यांनी ही विषं उंदरांना थोडी थोडी देऊन प्रतिकारशक्ती कशी तयार होते ते दाखवलं. मानवी रक्तगट शोधणाऱ्या लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वाटाणा, मसूर, घेवडा यांसारख्या रोजच्या खाण्यातल्या दाण्यांचे अर्क निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्तावर वापरून पाहिले. प्रत्येक प्राण्याच्या रक्तावर परिणाम वेगळा होता. तरीही माणसाच्या रक्तगटांशी ही गोष्ट जोडायला आणखी चार दशकं लागली.

ती जोडली गेली बऱ्याच अंशी नशिबाने. १९४५ च्या सुमारास बोस्टनमध्ये रक्तगटांचे अभ्यासक विल्यम बॉइड यांनी सहायकाला कोपऱ्यावरच्या दुकानातून लायमा बीन, म्हणजे आपली डबल बी, आणायला पाठवलं. डबल बीच का, हे आपल्याला कधीच सांगता येणार नाही आणि दुसरं जवळजवळ कुठलंही कडधान्य आणलं असतं तर नवीन काही हाती लागलं नसतं, असं त्यांनीच पुढे लिहिलं. त्या अर्काने ए गटाच्या पेशी चिकटत होत्या, ओ गटाच्या नाही. हेलसिंकीत रेंकोनेन यांनाही १९४८ मध्ये स्वतंत्रपणे असंच दिसलं. 'लेक्टिन' हे नाव बॉइड आणि शॅप्ले यांनी १९५४ मध्ये दिलं.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा जी. डब्ल्यू. जी. बर्ड रक्त संक्रमणाचं काम पाहत होते. कुळथाच्या अर्काने ए गटाच्या पेशी चिकटतात हे त्यांनी १९५१ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात मांडलं आणि पुढच्याच वर्षी 'नेचर'मध्ये ए१ आणि ए२ या पोटगटांचा मुद्दा. ए२ पेशींवर ए प्रतिजन, म्हणजे पेशीवरची गटाची खूण, ए१ पेक्षा कमी असतो. दाट अर्काने दोन्ही चिकटतात. नेमका पातळ केला की ए१ चे रवे दिसतात आणि ए२ तसंच सरसरीत राहतं. त्याआधी हे काम बी गटाच्या माणसाच्या सिरमवर (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवावर) ए२ पेशींची प्रक्रिया करून करावं लागे, आणि ते कटकटीचं होतं. कुळीथ वाटायचा, मिठाच्या पाण्यात भिजवायचा, निवळ काढून घ्यायची, बस्स. शोध मोठा, खर्च किराणा दुकानातला!

योगायोग असा, की त्याच १९५२ मध्ये परळला डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना 'बॉम्बे' रक्तगट सापडला. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ वाटतं, पण त्यात ओ पेशींवर असणारा एच प्रतिजनच नसतो. त्यामुळे या माणसाच्या शरीराला तो परका वाटतो आणि त्याला ओ गटाचं रक्त चालत नाही. ते ओळखायला युरोपातल्या गॉर्स या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क उपयोगी पडतो. तो ओ पेशींना चिकटवतो, बॉम्बे गटाच्या पेशींना सोडून देतो.

हे कसं घडतं? लेक्टिन पेशीवरच्या विशिष्ट शर्करेला धरतं. लंडनमध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी याचा उलटा उपयोग केला: अर्कात वेगवेगळ्या शर्करा घालायच्या आणि कुठल्या शर्करेने चिकटणं थांबतं ते पाहायचं. त्यातून ए प्रतिजनाची किल्ली एन-असेटिल गॅलॅक्टोसअमाइन आणि एच ची फ्युकोज असल्याचं उघड झालं.

१९९० च्या दशकात अमेरिकेतून रक्तगटानुसार आहाराचं खूळ निघालं, ते याच शोधांच्या आडोशाने. परीक्षानळीत चिकटतं म्हणजे पोटातही चिकटणार, असा तो हिशेब. पण खाण्यातली बहुतेक लेक्टिनं रक्तगटांत भेदच करत नाहीत. फणसाच्या आठळीतलं जॅकॅलिन सगळ्याच गटांच्या पेशी चिकटवतं. टोरंटो विद्यापीठाने २०१४ मध्ये १,४५५ जणांची माहिती तपासली तेव्हा अशा काही आहारांचा फायदा दिसला, पण त्याचा रक्तगटाशी संबंध आढळला नाही.

जपायचं असेल तर कच्च्या राजम्याला जपावं, रक्तगट कुठलाही असो. त्यातल्या लेक्टिनाने उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, दहा मिनिटं तरी खळखळून उकळला की ते निकामी होतं. मंद आचेवर नुसता कोमट ठेवला तर होत नाही.