दोरी ओढायची कोणी? मोठ्या कंपन्यांतल्या लीन-अजाइलची पार्श्वभूमी

लीन (वाया जाणारं टाळत काम करण्याची पद्धत) आणि अजाइल (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल सामावत बनवण्याची पद्धत) ही नावं आज एका दमात घेतली जातात, पण दोघांचं घराणं वेगळं. लीन मुळातच मोठ्या कारखान्यातलं. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाकडे भांडवल कमी होतं आणि बाजारपेठ लहान. सुट्या भागांचे ढीग साठवणं परवडणारं नव्हतं. म्हणून तैइची ओनो यांनी बसवलेल्या पद्धतीत लागेल तेव्हा, लागेल तेवढंच बनवायचं. शिवाय दोष दिसला की लाइनवरच्या साध्या कामगारानेही डोक्यावरची दोरी ओढायची. टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर अडचण सुटली नाही, तर लाइन थांबते.

ही दोरी दुसरीकडे नेता येते का, याची परीक्षा अमेरिकेत झाली. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टचा कारखाना 1982 साली बंद पडला होता. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो ‘नुमी’ नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बरेचसे जुनेच, युनियनही तीच, तरी गाड्यांचा दर्जा पालटला. मग जनरल मोटर्सने तोच प्रयोग व्हॅन नाइजच्या आपल्या कारखान्यात केला आणि तो फसला. दोरी टांगणं सोपं असतं. ती ओढणाऱ्यावर साहेबाने डोळे न वटारणं अवघड.

अजाइलचा प्रवास उलट दिशेचा. जेफ सदरलंड यांनी 1993 मध्ये स्क्रम, म्हणजे ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत, सुरू केली ती एका छोट्या टीमसाठी. फेब्रुवारी 2001 मध्ये युटातल्या स्नोबर्ड इथे 17 जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात समोरासमोरच्या बोलण्यावर भर आहे. एकाच उत्पादनावर शेकडो माणसं राबत असतील तर काय करायचं, यावर अवाक्षर नाही.

मोठ्या कंपन्यांपुढे प्रश्न होता नेमका तोच. आधी प्रत्येक टीमचा एकेक प्रतिनिधी बसवून ‘स्क्रम ऑफ स्क्रम्स’ चालवून पाहिलं गेलं. क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांच्या ‘लेस’ या अनेक टीमसाठीच्या स्क्रमने पदं आणि थर कमी करायला सांगितलं: आठ टीमपर्यंत एकच बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), एकच प्रॉडक्ट ओनर (त्या यादीचा क्रम ठरवणारा). डीन लेफिंगवेल यांच्या ‘सेफ’ या मोठ्या कंपन्यांसाठीच्या चौकटीने 2011 मध्ये दुसरी वाट धरली. 50 ते 125 जणांच्या अनेक टीम मिळून एक ‘ट्रेन’, साधारण दर आठ-बारा आठवड्यांनी दोन दिवसांचं एकत्र प्लॅनिंग. भिंतीवरच्या फळ्यावर कार्डं आणि कोणाचं काम कोणावर अडलंय ते दाखवणारे लाल लोकरीचे धागे. धागे फार झाले की टीमची विभागणीच चुकली आहे हे लांबूनही दिसतं, पण बहुतेक ठिकाणी विभागणी तशीच राहते आणि धागे सांभाळायला आणखी एक माणूस नेमला जातो.

सेफ व्यवस्थापनाला पटलं याचं कारण उघड आहे, त्यात जुन्या उतरंडीलाही जागा मिळते. स्क्रमचे सहनिर्माते केन श्वेबर यांनी 2013 मध्ये नेमकी त्यावर जाहीर टीका केली. सेफचा खप मात्र वाढतच गेला.

स्पॉटिफाय या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीतल्या ‘स्क्वॉड’ (छोटी टीम) आणि ‘ट्राइब’ (अशा टीमचा गट) यांचं वर्णन 2012 मध्ये आलं. लिहिणाऱ्यांनीच ते त्या वेळचं चित्र आहे, प्रवास अजून चालू आहे, असं बजावलं होतं. तरी ते तयार साचा म्हणून उचललं गेलं. नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेने 2015 मध्ये मुख्यालयाची रचनाच त्या धर्तीवर बदलली. पुढे 2023 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अजाइलसाठीची वेगळी पदंच रद्द केली. अकराशेच्या आसपास नोकऱ्या गेल्या, आणि ते काम इंजिनिअर व प्रॉडक्ट मॅनेजर यांच्याकडे सोपवलं गेलं.