पॉलिन्यूक्लिओटाइड इंजेक्शने

माशाच्या शुक्रपेशींतून काढलेल्या डीएनएचे शुद्ध केलेले तुकडे त्वचेत टोचून तिचा पोत, लवचीकपणा आणि ओलावा सुधारण्याचा उपचार. जाहिरातींत तो ‘सॅल्मन डीएनए’ या नावाने दिसतो. तो फोफावला दक्षिण कोरियात, पण त्याचे मूळ इटलीत आहे, आणि तेही जखमा भरून आणणाऱ्या औषधात.

शुक्रपेशीच का, याचे उत्तर जुने आहे. फ्रीडरिख मीशर या स्विस शास्त्रज्ञाला 1869 साली ट्यूबिंगेन येथे, शस्त्रक्रियेच्या पट्ट्यांवरील पुवातल्या पांढऱ्या पेशींत एक अनोळखी द्रव्य सापडले. तेच पुढे डीएनए म्हणून ओळखले गेले. नंतर बाझेलला त्याने ऱ्हाइन नदीतल्या सॅल्मनच्या शुक्रपेशी घेतल्या. या पेशींच्या डोक्यात घट्ट बांधलेल्या डीएनएखेरीज फारसे काही नसते, त्यामुळे इतर द्रव्ये काढून टाकणे सोपे जाते. आजचे उत्पादकही याच कारणासाठी सॅल्मन आणि ट्राउट वापरतात. (आपल्याकडे ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस वेगळ्या कुळातला आहे.)

इटलीतल्या सानरेमो येथील मास्तेल्ली या कंपनीचे प्लासेन्टेक्स हे जखमांवरचे औषध आधी माणसाच्या वारेपासून काढले जाई, पुढे ते ट्राउटपासून होऊ लागले. त्यातल्या घटकाला, म्हणजे डीएनएच्या आखूड तुकड्यांना, पीडीआरएन म्हणतात. पॉलिन्यूक्लिओटाइड हे त्याचेच लांब साखळीचे भावंड. साखळी लांब असल्याने त्याचे दाट, चिकट जेल होते. फार्मारिसर्च या कोरियन कंपनीने 2014 साली रेजुरान हे उत्पादन बाजारात आणले आणि सौंदर्योपचारात हे नाव रुळले. त्याच्या 2 मिलीच्या सिरिंजमध्ये दर मिलीला 20 मिलिग्रॅम पॉलिन्यूक्लिओटाइड असते.

टोचलेला डीएनए आपल्या गुणसूत्रांत जाऊन बसत नाही. त्वचेतली विकरे (एन्झाइम) त्याचे बारीक तुकडे करतात. पीडीआरएनच्या तुकड्यांतून सुटणारे घटक पेशींवरील ए2ए या ॲडेनोसिन-ग्राहींना (ॲडेनोसिन या रेणूचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चेतवतात. त्यामुळे दाह कमी होतो आणि नव्या केशवाहिन्या फुटायला मदत होते. उरलेले तुकडे पेशी स्वतःचा डीएनए घडवण्यासाठी कच्चा माल म्हणून वापरू शकतात. त्वचेतल्या कोलॅजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी तरतरीत होऊन कोलॅजन वाढते, हा सौंदर्योपचारातला मुख्य दावा. फिलरसारखा गाल किंवा ओठ भरून काढण्याचे काम हे इंजेक्शन करत नाही.

प्रत्यक्ष बैठक तशी दुखरी असते. चेहऱ्यावर बधिर करणारे मलम लावून अर्धा-पाऊण तास थांबतात. मग केसासारख्या बारीक सुईने, थोड्याथोड्या अंतरावर, थेंबथेंब औषध अगदी वरवर सोडतात. प्रत्येक टोचणीच्या जागी छोटा फुगवटा येतो आणि चेहरा गांधी उठल्यासारखा दिसतो. हे फुगवटे एक-दोन दिवसांत बसतात. डोळ्यांखालची त्वचा पातळ असल्याने तिथे थोडे जास्त रेंगाळतात, काळेनिळे डागही पडतात. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने तीन-चार बैठका देतात. फरक दिसायला काही आठवडे लागतात आणि तो कायमचा नसतो.

पुराव्याचा विचार करताना जखमा आणि सुरकुत्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मधुमेही पायावरच्या चिवट जखमांवर पीडीआरएन वापरून इटलीत झालेली चाचणी 2014 साली प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत पीडीआरएन मिळालेल्यांपैकी 37.3 टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, तर तुलनेच्या गटात 18.9 टक्के. चेहऱ्यावरच्या वापराचे अभ्यास बहुतेक छोटे, थोड्या काळाचे आणि बऱ्याचदा उत्पादकांच्या पैशावर झालेले आहेत. बारीक रेषा, पोत आणि मुरुमांच्या व्रणांत सुधारणा त्यांत नोंदली गेली आहे, पण दहा वर्षांनी तरुण दिसण्याचा जाहिरातींतला दावा त्यावर उभा राहू शकत नाही.

माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा उपचार टाळावा. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना किंवा चेहऱ्यावर जंतुसंसर्ग असताना तो करत नाहीत. हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर बिनसले तर ते विरघळवणारे विकर टोचता येते, इथे तशी सोय नाही. म्हणून टोचणारा हात प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञाचा असावा आणि कुपीचे वेष्टन रुग्णासमोर फोडले जावे.

पीडीआरएन असलेली क्रीम आणि सिरम हा वेगळाच बाजार आहे. अखंड त्वचेतून साधारण 500 डाल्टनपर्यंतचेच (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) रेणू सहज आत शिरतात. पीडीआरएनचे सर्वांत छोटे तुकडेही याच्या शंभरपट मोठे असतात. म्हणून काही जण घरीच सुयांच्या रोलरने असे सिरम आत ढकलतात. हे धोक्याचे आहे. वरून लावायचे सिरम टोचण्यासाठी निर्जंतुक केलेले नसते आणि त्यातली सुगंधी द्रव्ये त्वचेच्या आत गेली की महिनोन्‌महिने न जाणाऱ्या गाठी उठू शकतात.